शोधयंत्राला घातलेलं गाऱ्हाणं

“बाई, देवीचं देऊळ हितनं कुठल्या अंगाला आलं?”

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मी अंगणात आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे साफ करत होते. मनगटापर्यंत रक्त आणि खवले. विचारणारी माझ्याहूनही थकलेली म्हातारी होती, कोल्हापूरकडची. मुलानं आणि सुनेनं दोन्ही बाजूंनी धरून तिला गाडीतून उतरवलं होतं. मागून नातवंडं, पिशव्या, नारळ, खणाची ओटी. दुसऱ्या दिवशी आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा होती आणि म्हातारीचा नवस फेडायचा होता. तिला फार चालवत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी देवळाजवळच मुक्काम करायचा, पहाटे तिला रांगेत उभी करायची, असं ठरवून ती माणसं घाट उतरून आली होती. देवळाजवळ राहण्याची सोय आहे हे त्यांनी माझ्या वेबसाइटवर वाचलं होतं.

माझं घर मालवणच्या किनाऱ्याला. आंगणेवाडी ही मसुऱ्याची वाडी, आमच्यापासून बरीच आत. एरवी गाडीनं जाता येतं, पण जत्रेच्या गर्दीत कधी पोचाल ते देवीलाच माहीत. माझ्या अंगणातून माड दिसतात, वाळत घातलेल्या चादरी दिसतात आणि दोन घरांच्या मधून समुद्राचा एक तुकडा दिसतो. देऊळ दिसत नाही. मान कितीही उंच केली तरी दिसत नाही, आणि तरी मी त्या म्हातारीच्या प्रश्नासरशी मान उंच करून बघितलं.

माझी सून ओटीच्या पायरीवर उभी होती, खांद्याला बॅग अडकवून. ती पणजीची गाडी पकडायला निघाली होती. गोव्यातल्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायची नोकरी तिला चालून आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला बोलावलं होतं. तिनं आधी म्हातारीकडे बघितलं, मग बांगड्यांकडे, मग माझ्याकडे.

“आई,” ती म्हणाली, “तुमी वेबसाइटीर काय लिवलात?”

मी हातातला बांगडा पाण्यात सोडला. जे लिहिलं होतं ते मी फार विचार करून लिहिलं होतं. माझं हेच चुकतं. विचार न करता मी जे करते ते बहुधा बरं होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहिता येतं, त्यापुढचं मला कधी लागलं नाही, असं मी सत्तरी ओलांडेपर्यंत लोकांना ऐकवत आले. मुलगा माझा जहाजावर असतो. वर्षातले थोडे महिने घरी येतो आणि तेव्हा झोपतो. घराच्या मागे माडांच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायचं डोकं सुनेचं. मेहनत तिची, मासे तिच्या हातचे. मी जागा दिली आणि तोंड दिलं. तोंड जास्त दिलं.

वेबसाइटही तिनंच केली, फुकटात होते तसली. खोल्यांचे फोटो, जेवणाच्या ताटाचे फोटो आणि एक माझा, ओठ मिटलेला. पाहुणे येत, पण दिवाळीत थोडे आणि नाताळात थोडे. मधल्या दिवसांत खोल्यांमध्ये मांजर झोपायचं. अशातच त्या हॉटेलातून तिला पहिल्यांदा फोन आला. तिनं जेवताना मला सरळ सांगितलं की हा सीझन बघते, खोल्या भरल्या तर ठीक, नाहीतर पणजीला जाते आणि महिन्यातून एकदा येऊन जाईन.

मी म्हटलं, “जा मगे. माझा काय अडलला नाय.”

आणि उठून विनाकारण मांजराला हाकललं. अडत होतं माझं. ती गेली तर त्या घरात मी आणि मांजर उरणार होतो, आणि त्यातलं मांजर तरी दिवसभर बाहेर असतं. पण हे तिला बोलून दाखवायचं तर आधी माझा जन्म दुसऱ्या घरात व्हायला हवा होता. मी ठरवलं की खोल्या भरायच्या. बोलण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

तर लोक का येत नाहीत, हे मी तिला विचारलं. तिनं मोबाइलवर शोधायच्या खिडकीत ‘मालवण किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय’ असं लिहिलं आणि मला दाखवलं. हॉटेलं आली, रिसॉर्टं आली, ओळखीतल्या माणसांची घरं आली. ती बोटानं वर सरकवत राहिली. एक पान संपलं, दुसरं संपलं. आम्ही सातव्या पानावर होतो, एका बंद पडलेल्या लॉजच्या खाली.

“सातव्या पानार कोण येता?” मी विचारलं.

“आता आपण इलव. तितक्याच,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला ते खूळ लागलं. सुनेनं मला दोन-तीन फुकटच्या जागा दाखवून ठेवल्या. एका जागी आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकला की शाळेतल्यासारखे शंभरपैकी गुण मिळतात आणि चुका लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांनी दाखवतात. दुसऱ्या जागी कुठल्या शब्दाला आपण कितव्या नंबरावर आहोत ते कळतं. तिसऱ्या जागी लोक शोधताना नेमकं काय लिहितात त्याची यादी मिळते. फुकट म्हणजे दिवसाला तीन वेळा फुकट. चौथ्यांदा विचारलं की एक हसऱ्या तोंडाचा माणूस आडवा येतो आणि पैसे भरा म्हणतो. मी सकाळचा चहा होईपर्यंत तिन्ही वेळा संपवून टाकायची आणि मग दिवसभर त्या माणसाला शिव्या द्यायची.

पहिल्यांदा गुण बघितले तेव्हा चौथीत गणितात मिळायचे तेवढेच होते. लाल दिवा म्हणत होता की फोटो फार जड आहेत, पान उघडायला वेळ लागतो. फोटोला कसलं वजन, असं म्हणून मी त्या यंत्राची अक्कल काढली. सुनेनं ताटांचे फोटो लहान करून पुन्हा चढवले आणि काही आठवड्यांत आम्ही सातव्या पानावरून पाचव्यावर आलो. यातून मी काय शिकावं? यंत्र सांगतं तसं सुनेनं केलं की फायदा होतो, एवढं शिकायला हरकत नव्हती. मी शिकले ते असं की यंत्र सांगतं तसं कोणीही केलं की फायदा होतो.

आणखी एका जागी एक रेघ वर-खाली होताना दिसायची. आपलं नाव लोकांना किती वेळा दिसलं आणि त्यावर किती जणांनी बोट ठेवलं, हे ती रेघ सांगते. आमचं नाव दिसत होतं पुष्कळांना. बोट ठेवणारं रोज एकच कोणी तरी होतं. हा रोज येऊन बघणारा भला माणूस कोण, मुंबईचा की पुण्याचा, याचा मी बरेच दिवस विचार केला. तो मीच होते.

एके सकाळी शोधायच्या खिडकीत तेच शब्द घातले तर आमचं घर पहिल्या नंबरावर. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पहिलंच. सून तेव्हा आंघोळीला गेली होती. मी थांबले नाही, रिक्षा करून तडक मालवणच्या मासळी बाजारात गेले. माझी नेहमीची एक मासेवाली आहे, तिच्याकडून मी लग्न होऊन आल्यापासून मासे घेते आणि तेव्हापासून आम्ही भांडतो. तिला मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांना मागे टाकून आमचं घर पहिलं आलं आहे.

तिनं हात पदराला पुसला, टोपलीखालून मोबाइल काढला आणि शोधायला लागली. आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. तिचं बोट वर सरकत राहिलं. बराच वेळ सरकत राहिलं. तेवढ्यात मी हेरून ठेवलेली सुरमई दुसरीनं नेली.

“खंय गो?” ती म्हणाली. “हय तर तुझो पत्तोच नाय.”

मी म्हटलं, माझ्या मोबाइलवर पहिलं आहे. दाखवलं.

“तुझ्या घरात तू पयली असतलंस,” ती म्हणाली. “माझ्या घरात मी पयली.”

बायका हसल्या. मी मासे न घेता परत आले. घरी सुनेनं सांगितलं की मी रोज तेच शोधून तेच उघडते म्हणून माझा मोबाइल माझी मर्जी राखायला तेच वर आणून दाखवतो. खरा नंबर बघायचा तर खाजगी खिडकी उघडून बघायचा, तिथं तो कोणाला ओळखत नाही. खाजगी खिडकीत आम्ही पाचव्या पानावर होतो. माझ्या घरात माझी मर्जी राखणारं एक तरी कोणी निघालं याचं मला तेवढ्यातही बरं वाटलं, म्हणजे बघा.

यानंतर मी शहाणी व्हायला हवी होते. तेवढ्यात गुण देणाऱ्या जागेनं नवीन पिवळा दिवा लावला. पानावर मजकूर अपुरा आहे, शब्द वाढवा, आसपासच्या ठिकाणांची नावं घाला, असं तो दिवा म्हणत होता. सून त्या दिवशी बाजारात. मी म्हटलं, शब्दच ना? ते माझ्याकडे लागतील तेवढे आहेत.

पण लिहायला बसल्यावर कळलं की मला लांबलचक काही लिहिता येत नाही. जन्मभर चिठ्ठीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. लांब असं मी एकच ऐकलं होतं, लहानपणापासून, देवळात. आमच्याकडे काही मागायचं झालं की गावाचा मानकरी नारळ हातात धरून देवापुढे उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. बा देवा म्हाराजा, असं म्हणून तो ग्रामदेवतेला हाक मारतो, मग सीमेवरच्या देवाला, मग वेशीवरच्या, तळ्यावरच्या, पिंपळावरच्या, एकाचंही नाव सोडत नाही. सोडलं तर तो रुसायचा. प्रत्येक नावानंतर सगळा गाव म्हणतो, व्हय म्हाराजा. सगळ्यांची नावं घेऊन झाली की मग हळूच आपलं मागणं सांगायचं.

मला वाटलं, शोधायचं यंत्रही असंच असणार. ज्याचं नाव घ्याल तो पावेल, ज्याचं विसराल तो रुसेल. मी लिहिलं. मालवणला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. मसुऱ्याला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. तळेऱ्याच्या नाक्यावर उतरणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. तिथून देवगडला वळणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. विजयदुर्गला जाणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. अशी किनाऱ्यावरची आणि आतली, नातेवाईक आहेत ती आणि नाहीत ती, आठवली तेवढी सगळी गावं घातली. मग लोक काय शोधतात त्या यादीत गेले. तिथं जे जे लिहिलेलं दिसलं ते ते जसंच्या तसं उतरवलं. त्यात एक होतं, ‘आंगणेवाडी देवळाजवळ राहण्याची सोय’. मसुरं माझं माहेर. देवीचं नाव मी आणखी दोनदा जास्त घातलं.

हे खोटं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. गाऱ्हाणं देवानं ऐकायचं असतं, तसं हे यंत्रानं वाचायचं आहे, असं मी धरून चालले. माणसं फोटो बघतील. मजकूर कोण वाचतो?

पिवळा दिवा हिरवा झाला. गुण असे वाढले की चौथीतल्या गुरुजींना नेऊन दाखवावेसे वाटले. आणि यादीतल्या एका ओळीला आम्ही खरोखर पहिल्या पानावर आलो, खाजगी खिडकीतसुद्धा. ती ओळ आंगणेवाडी देवळाजवळची. तिथं मला चढाओढच नव्हती, कारण इतकं धडधडीत खोटं दुसऱ्या कोणी लिहिलं नव्हतं. मी सुनेला पहिल्या पानाचं सांगितलं, कुठल्या ओळीला ते सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बरा झाला म्हणाली.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. एका दुपारी ट्रकवाल्याचा फोन आला. तो तळेऱ्याच्या नाक्यावर उभा होता आणि आमचं घर देवगडच्या रस्त्याला डाव्या हाताला की उजव्या, असं विचारत होता. मी त्याला म्हटलं, वळू नको, सरळ ये, पुढे हमरस्ता सोडून मालवणला ये आणि तिथं विचार. तो जे म्हणाला ते इथं लिहीत नाही. मी त्याच्यावरच चिडले. फुकटची जाहिरात वाचायची आणि वर बोलायचं.

मग कोल्हापूरचा फोन आला. दोन्ही खोल्या, तीन रात्री, जत्रेसाठी. माणूस फार सभ्य बोलत होता. वेबसाइटवर सगळं वाचलं आहे म्हणाला. मी म्हटलं, वाचलंत ना, मग प्रश्नच मिटला. त्यानं दिवसही सांगितला होता. मी पहिल्या पानाच्या आनंदात होते, तो काही माझ्या कानात शिरला नाही. जत्रेला येणारी माणसं दर्शन करून मग आमच्याकडे मासे खायला येतात, तशीच ही येतील, असं मी धरलं आणि तसंच सुनेला सांगितलं. हॉटेलवाल्यांनी तिला नेमकं त्याच सुमाराला बोलावलेलं. ती म्हणाली, एका बुकिंगानं सीझन भरत नाही. जाऊन भेटून येते, जत्रेच्या संध्याकाळपर्यंत परत येते आणि पाहुण्यांचं बघते.

म्हणून ती बॅग घेऊन पायरीवर होती, मी माझ्यापुरते बांगडे करत होते आणि अंगणात ती थकलेली म्हातारी देऊळ शोधत होती.

तिचा मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडता येतं. तो ओरडला नाही. वाटेत कमानी दिसल्या, माणसांची रीघ दिसली, म्हणाला, पण मोबाइल पुढे चला म्हणत होता म्हणून आम्ही आलो. आणि मग त्यानं मोबाइल काढून माझं लिखाण मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आपलं काही वाचायचं चुकलं का ते बघायला. मालवणला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय. मसुऱ्याला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय.

शेजारचा म्हातारा कुंपणाला टेकून हे सगळं बघत होता. त्याला देवळात गाऱ्हाणं ऐकायची जन्माची सवय. दुसऱ्या गावाला त्यानं हात जोडले आणि गंभीर तोंडानं म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

तळेऱ्याला म्हणाला. देवगडला म्हणाला. विजयदुर्गला त्याची बायकोही बाहेर येऊन म्हणाली. कोल्हापूरच्या माणसाला वाटलं ही इथली काही पद्धत असेल, म्हणून तो दर ओळीनंतर थांबायला लागला. सून खाली बघत होती. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते ते मला कळत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काय बरं हेही ठरत नव्हतं. ‘आंगणेवाडी देवळाजवळ’ आलं तेव्हा मात्र शेजारी गप्प बसला. देवीच्या बाबतीत तोही जपून असतो.

सुनेनं बॅग पायरीवर ठेवली.

“मासे आत न्या,” ती मला म्हणाली. पाहुण्यांना म्हणाली, “चूक आमची आहे. आधी बसा, पाणी घ्या. आजींना आज देवळाजवळ पोचवायची जबाबदारी आमची.”

मी बांगडे उचलले. ते नवसाचे लोक, दर्शनाआधी मासळीचा वासही नको असलेले, आणि मी त्यांच्या पुढ्यात खवले काढत बसले होते. आत जाऊन तीन पाण्यांनी हात धुतले, तरी वास काही गेला नाही.

तिनं चूल पेटवली. भात, वरण, ओल्या काजूची उसळ. काजू सोलायला मी बसले, तेवढीच माझी लायकी उरली होती. बाहेर पणजीच्या गाडीची वेळ निघून गेली. तिनं घड्याळाकडे बघितलं नाही, मीच दोनदा बघितलं.

“आता थंय खंय ठेवतल्यात तेंका?” तिनं विचारलं.

जागा एकच होती आणि ती आम्हा दोघींनाही माहीत होती. मसुऱ्याला माझ्या भावाचं घर. भाऊ वारला, वहिनी असते. तिथून रिक्षानं म्हातारीला देवळाजवळ नेता येतं. पण मी बरीच वर्षं वहिनीशी बोलत नव्हते. भाच्याच्या लग्नात माझ्या पंगतीपर्यंत येईतो सोलकढी संपली होती. कारण विचारलं तर एवढंच आहे. आता लिहिताना ते फार लहान दिसतं. तेव्हाही लहानच होतं, पण मी ते चांगलं वाढवलं.

सुनेनं नंबर लावून मोबाइल माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. माझं सांगून झाल्यावर वहिनी म्हणाली, “आता बरी आठवण इली गो तुका माझी.”

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

“माझ्याकडे जत्रेक पाय ठेवक जागा नाय. म्हातारी आसा म्हणतंस?”

“आसा. चलाक गावना नाय तिका.”

“मग धाडून दी. तिका खाट दितंय. बाकीचे पडवेत निजतले.” मग म्हणाली, “आणि तू? तू काय हाटेलवाली झालंस, तू येवचंस नाय मा?”

“येतंय,” मी म्हटलं.

“ये. सोलकडी ठेवतंय.”

पाहुण्यांची जेवणं झाल्यावर मी त्यांच्या गाडीत पुढे बसले, वाट दाखवायला. निघताना सून पायरीवरच होती, बॅग तिच्या पायाशी. पणजीला सकाळची पहिली गाडी असते, ती पकडली तरी तिला वेळेत पोचता येणार होतं. ती काय करणार, हे मी विचारलं नाही. फक्त म्हटलं की किल्ली माझ्याजवळ आहे, गेलीस तर कुलूप घालून जा.

वहिनीच्या घरी म्हातारीला खाट मिळाली आणि मला वाटीभर सोलकढी मिळाली, सगळ्या पाहुण्यांसमोर, सगळ्यांच्या आधी. मी ती प्याले. पहाटे म्हातारीला रिक्षानं नेलं, मुलानं आणि मी धरून रांगेत उभी केली. तिनं ओटी भरली, नवस फेडला आणि बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, “लांब हाय म्हणून सांगितलं असतंस तरी आलो असतो की गं. आधी हितं आणि मग तुझ्याकडं.” मी तिला पेढा दिला.

ते लोक संध्याकाळी आमच्याकडे यायचे होते, दोन रात्री अजून बाकी होत्या. सून पणजीला असेल तर स्वयंपाक माझ्या गळ्यात. म्हणून मी पुढे निघाले, जत्रेसाठी सोडलेल्या एसटीनं. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. मालवणला उतरून मासळी बाजारात गेले. मासेवाली काही बोलणार असं वाटलं, पण तिनं माझं तोंड बघून सुरमई दिली आणि नंबर विचारला नाही. रिक्षात बसल्यावर मी कमरेची किल्ली काढून हातात धरली. दाराला कुलूप असणार, ते उघडायचं, आत जायचं, चूल पेटवायची. एवढाच विचार करायचा, पुढचा करायचा नाही, असं ठरवून बसले होते.

दार उघडं होतं. सून ओटीवर बसून मोबाइलवर काहीतरी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

“गेलंस नाय?” मी विचारलं.

“जातलंय कशी? कोल्लापूरवाले संध्याकाळी येतले. तेंका जेवक काय वाढलां असतां तुमी? गाऱ्हाणा?”

मी सुरमई खाली ठेवली.

“हाटेलवाल्यांका काय सांगलंस?”

“घरात पावणे आसत म्हणून सांगलंय. तेंका राग इलो. इलो तर इलो.” ती बोटानं काहीतरी पुसत होती. “कितकी गावां घातल्यात तुमी. सकाळधरून पुसतंय. अजून विजयदुर्गाक पोचाक नाय.”

मग तिनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली की आता तुम्ही सांगा, मी लिहिते, पण जे खरं आहे तेच सांगायचं. मी सांगितलं. घर मालवणच्या किनाऱ्याला आहे. आंगणेवाडी इथून लांब आहे, जत्रेच्या दिवसांत फारच लांब. खोल्या दोन आहेत. मासे ताजे असतात, सून करते. तिनं लिहून घेतलं आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचून तसंच ठेवलं.

गुण खाली आले. दिवा पुन्हा पिवळा झाला, मजकूर अपुरा आहे म्हणाला. कोल्हापूरवाले दोन रात्री राहिले, म्हातारीनं सुरमईची डोकीसुद्धा चोखून खाल्ली, आणि गेल्यावर मुलानं वेबसाइटवर शेरा लिहिला की घर देवळाजवळ नाही, तेव्हा तसं समजून जावं. तो शेरा सुनेनं काढला नाही. सीझनचं म्हणाल तर खोल्या पूर्ण भरल्या नाहीत, पण मांजराला पहिल्यासारखं तिथं झोपायला मिळालं नाही. सून पणजीचं नाव काढत नाही आणि मीही काढत नाही. आम्ही सध्या तिसऱ्या पानावर आहोत. रोज सकाळी खाजगी खिडकीत बघते, चहा होण्याआधी. मला वाटतं तिला ते माहीत आहे.

त्या दिवशी अंगणात जे झालं ते दोघींनी सोसलं, मी आणि माझी सून. दोघी याच घरात आहोत.